जुनं ओमेगा, रोलेक्स घेताय? आधी मागचं झाकण उघडायला सांगा

कोकणात जुनी स्विस घड्याळं किती पडून आहेत याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. घरातला एक बोटीवर, एक मुंबईला, एक आखातात, अशी आमच्याकडची कित्येक वर्षांची वाटणी, आणि तिघांच्याही मनगटावर घड्याळ असणारच, कारण एसटीतून उतरल्यावर लोकांची नजर आधी तिथेच जायची. फेवर ल्युबाचा मुंबईतला धंदा १८६५ पासूनचा, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासूनची, म्हणजे स्विस घड्याळ हा प्रकार आपल्याला काल-परवा कळलेला नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि साठ-सत्तरच्या दशकात सोनं, ट्रान्झिस्टर यांच्या जोडीला घड्याळंही आखातातून येणाऱ्या लाँचांमधून इकडच्या खाड्यांत उतरायला लागली, ते काही गुपित नाही. आता असं आलेलं घड्याळ बिल, डबा, गॅरंटी कार्ड घेऊन थोडंच येणार!

त्यामुळे इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो ना, की बॉक्स आणि पेपर असतील तरच घ्या, तो इथे फारसा चालत नाही. उलट माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ डबा, कागद, लेबल सगळ्यासकट कोरं करकरीत निघालं तर मी जास्त सावध होतो. जुने रिकामे डबे आणि कोरी गॅरंटी कार्डं वेगळी विकत मिळतात, त्यावर नंबर कोणीही भरतो. कागद जुळले तर चांगलंच आहे, पण बघायचं घड्याळ, कागद नाही.

आता मूळ मुद्दा. गिऱ्हाईक विचारतं, "ओरिजिनल आहे ना?" आणि विकणारा छातीठोकपणे हो म्हणतो, आणि बऱ्याचदा तो खोटंही बोलत नसतो, कारण या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, हे घड्याळ त्याच कंपनीचं आहे का, की वर नुसतं नाव छापलंय? दोन, कारखान्यातून निघालं तेव्हा जी डायल, जे काटे, जी केस म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, जे मशीन होतं तेच आज यात आहे का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही अशी घड्याळं बाजारात चिक्कार आहेत, अगदी पूर्ण नकली घड्याळांपेक्षा जास्त. केस एका ओमेगाची, मशीन दुसऱ्या ओमेगाचं, काटे तिसऱ्याचे, डायल मुंबईत रंगवलेली. यातला प्रत्येक तुकडा कंपनीचा असेलही, पण ते घड्याळ कारखान्यात कधी जन्मलंच नाही. याला परदेशात फ्रँकनवॉच म्हणतात. आपण आंब्याच्या पेटीत हे बघितलेलं आहे: पेटीवर देवगड, वरचा थर देवगड, आणि खाली कर्नाटकातून आलेला माल.

आणि हे फक्त साध्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत होतं असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१, म्हणजे १९५७ साली आलेलं स्पीडमास्टरचं पहिलं मॉडेल, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारं कोण, तर ओमेगाचं स्वतःचं म्युझियम. मग २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की हे घड्याळ वेगवेगळे पार्ट जमवून बनवलेलं आहे आणि यात कंपनीचेच तीन माजी कर्मचारी सामील आहेत. ज्या घड्याळाची काळी डायल वयानुसार छान चॉकलेटी झाली म्हणून सगळे भाळले होते ते असं निघालं. तेव्हा कोणी "आमच्या एक्स्पर्टने चेक केलंय" म्हणालं की फार इम्प्रेस होऊ नका, स्वतः बघा, आणि बघायचं काय ते माहीत असेल तर निम्मी लबाडी तुम्हालाही पकडता येते.

सुरुवात डायलपासून, कारण जुन्या घड्याळाची किंमत सगळ्यात जास्त डायलमध्ये असते. पटत नसेल तर रोलेक्स डेटोनाचं बघा, तेच मॉडेल, तेच मशीन, फक्त डायल जिला आता हॉलिवूडच्या नटाच्या नावाने पॉल न्यूमन डायल म्हणतात ती असली की किंमत कुठच्या कुठे जाते, आणि खुद्द पॉल न्यूमनचं जे होतं ते २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरला गेलं. साहजिकच नकली डायली बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष तिथेच.

आपल्याकडची भानगड वेगळी आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात समुद्राची खारी हवा, त्यात घाम. जुन्या घड्याळाचा वॉशर कडक झालेला, दमट हवा आत जाणार, डायलवर आधी बारीक ठिपके, मग काळपट डाग, मग वार्निश फुगून पापुद्रे. मालक घड्याळजीकडे जायचा, घड्याळजी डायल मुंबईला पाठवायचा आणि ती नवी कोरी रंगवून यायची. यात फसवाफसवी काही नव्हती, गिऱ्हाइकालाच डागाळलेली डायल नको असायची. पुढे जुन्या घड्याळांचा बाजार तयार झाला, परदेशात मागणी आली, आणि मग मात्र याच कारागिरीने लाल, पोपटी, दोन रंगी, नंबरांच्या भडक डायली मारून जुनी मशीनं विकायला काढली. जगभरातले शौकीन अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, कौतुकाने नाही. फेवर ल्युबाच्या सी चीफ, सी किंग या मॉडेलांमध्ये तर हे इतकं झालंय की भडक रंगाची कोरी सी चीफ दिसली तर मी ती रंगवलेली धरूनच चालतो, विकणाऱ्याने उलट सिद्ध करावं. माझं मत विचाराल तर रंगवलेली डायल आवडली तर खुशाल घ्या, पण किंमत रंगवलेल्या डायलची द्या.

रंगवलेली ओळखायची कशी? दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तो आयग्लासही चालेल, आणि घड्याळ खिडकीपाशी तिरपं धरा. कारखान्यातल्या छपाईत अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी असते, शाई किंचित वर उठलेली दिसते. हाताने किंवा साध्या स्क्रीनने छापलेल्यात कड फाटते, एक अक्षर जाड एक बारीक, दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त. मग मिनिटांच्या रेघा बघा. डायलवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात ना, पाच, दहा, पंधराच्या जागी, त्यांच्या बरोबर समोर मिनिटाची लांब रेघ यायला पाहिजे, रंगवलेल्यात ती अर्ध्या केसाने का होईना सरकलेली असते, आणि एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही. सहाच्या खाली अगदी कडेला 'स्विस मेड' असतं, त्याच्याकडे खास लक्ष द्या. रंगवणारा एक तर ते विसरतो, नाहीतर जागा चुकवून वर घेतो, नाहीतर वरच्या नावाइतकंच ठसठशीत छापतो. तारखेची खिडकी असेल तर तिच्या आतल्या कडेला रंगाचा ओघळ, पट्ट्यांच्या बुडाशी साचलेलं वार्निश, हेही भिंगात दिसतं. आणि सगळ्यात साधं म्हणजे केस पार झिजलेली, काटे गंजलेले, काचेवर ओरखडे आणि डायल तेवढी कालच्या लग्नातली, हे कसं काय?

उलट बाजूनेही एक फसवणूक चालते. उन्हाने आणि वयाने काळी डायल एकसारखी तपकिरी झाली तर तिला ट्रॉपिकल म्हणतात आणि जास्त पैसे देतात, हे कळल्यापासून दमटपणाने डागाळलेली कुठलीही डायल ट्रॉपिकल म्हणून खपवायला लागलेत. बुरशीचे ठिपके आणि कडेने आत शिरलेला पाण्याचा डाग म्हणजे ट्रॉपिकल नाही, ते नुकसान आहे. शिवाय डायल उष्णता देऊन मुद्दाम तपकिरी करणारेही आहेत.

डायलवरच अंधारात चमकणारा लेप असतो, त्याला ल्यूम म्हणतात, आणि घड्याळाचं वय सांगणारा याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. थोडा वेळ घेऊन सांगतो कारण हे एकदा समजलं की खूप कामाला येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ल्यूममध्ये रेडियम असायचं. त्यानंतर साधारण १९९७-९८ पर्यंत ट्रिटियम, आणि त्यानंतर ज्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही असं ल्युमिनोव्हा, जे जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये काढलं. रेडियम आणि ट्रिटियम स्वतःच किरण सोडतात आणि त्यामुळे सोबत मिसळलेली पावडर चमकते, ल्युमिनोव्हा मात्र आधी उजेड पितं आणि मग चमकतं. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९७० च्या घड्याळात आज ते विसाव्या हिश्श्याच्याही खाली गेलंय. आता असं घड्याळ टॉर्चखाली धरलं आणि दिवा बंद केल्यावर ते पाच मिनिटं हिरवंगार चमकत राहिलं तर तो लेप नवा आहे, दुसरा अर्थच नाही. दुकानात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असतो तो मारून बघा, जुनं ट्रिटियम जरासं उजळतं आणि टॉर्च काढला की जवळजवळ लगेच विझतं.

शिवाय कंपन्यांनी खूण ठेवलीय. ट्रिटियमवाल्या बऱ्याच डायलींवर सहाच्या खाली 'टी स्विस टी' किंवा 'स्विस टी' आणि पुढे २५ पेक्षा कमी असं चिन्ह छापलेलं असतं, हा टी म्हणजे ट्रिटियम. १९५५ चं घड्याळ म्हणून विकतायत आणि डायलवर टी आहे? मग ती डायल नंतर बसवलेली. आता गंमत अशी की हे कंपनीनेच केलेलं असू शकतं. घड्याळ सर्व्हिसिंगला गेलं की कंपनी जुनी डायल काढून सर्व्हिसिंगच्या वेळची नवी डायल लावून द्यायची, तिला सर्व्हिस डायल म्हणतात. ती कंपनीचीच, शंभर टक्के खरी, पण त्या घड्याळाची मूळची नाही आणि शौकीन तिचे पैसे कमी देतात. १९७० च्या रोलेक्सवर टी नसलेलं नुसतं 'स्विस मेड' आणि झकास चमक दिसली तर बहुतेक हीच कथा असते.

काट्यांमधला ल्यूम आणि डायलवरचा ल्यूम रंगाने जुळला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी लावलेले, एकाच घरात म्हातारे झालेले, मग डायलवर मोहरीसारखा पिवळा आणि काट्यात पांढरा स्वच्छ का? काटे बदललेत म्हणून. काट्यांची लांबीही बघा, मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, तास काटा धातूच्या पट्ट्यांच्या आतल्या टोकाशी थांबला पाहिजे. आखूड काटे म्हणजे दुसऱ्या घड्याळाचे.

एक सावधगिरी मात्र खरंच पाळा. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. चमक केव्हाच गेलेली असते कारण सोबतची पावडर मेलेली असते, पण रेडियम जिवंतच आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायच्या आणि त्यापायी कित्येकींचे जीव गेले. बंद घड्याळ मनगटावर घालणं वेगळं आणि काच काढून तो लेप नखाने खरवडणं, फुंकर मारून भुकटी उडवणं वेगळं. ते करू नका, मुलांच्या हातात उघडी डायल देऊ नका.

आता झाकण. जो विकणारा मागचं झाकण उघडायला तयार नाही त्याच्याकडून हजार रुपयांचं एचएमटी घ्या, ओमेगा घेऊ नका. कारण वरून चकाचक दिसणाऱ्या कित्येक घड्याळांत आत एखादं स्वस्त स्विस मशीन किंवा चक्क एचएमटीचं मशीन निघतं, आणि डायलवर नाव मात्र ओमेगा.

कणकवलीच्या बाजूला एका घड्याळजींकडे बसलो होतो तेव्हा देवगडच्या एक काकू सासऱ्यांचं ओमेगा सीमास्टर घेऊन आल्या. सासरे बोटीवर होते, घड्याळाची काळजी घेतलेली दिसत होती, सोनेरी केस, डायलवर सीमास्टर आणि त्याखाली ऑटोमॅटिक. काकूंना ते विकायचं होतं आणि एका माणसाने बरीच मोठी रक्कम सांगितली होती. घड्याळजींनी झाकण उघडलं आणि घड्याळ तसंच त्यांच्यासमोर धरलं. "वैनी, ह्येच्यात रोटर खंय आसा? आणि वर लिवलेला ऑटोमॅटिक!" ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की फिरणारं अर्धगोल वजन असतं, तो रोटर, तो नव्हताच. मशीन होतं ओमेगाचं ६०१, सतरा ज्वेलचं म्हणजे आत सतरा खडे बसवलेलं, तांबूस रंगाचं, सुंदर, आणि हाताने चावी द्यायचं. झाकणाच्या आत केसचा नंबर १३५ ने सुरू होणारा. म्हणजे केस आणि मशीन एकमेकांशी जुळत होते, डायल तेवढी परकी. काकू म्हणाल्या की मामंजींनी कधीतरी मुंबईला डायल बदलून आणली होती, पाणी गेलं होतं म्हणून. झालं, कोडं सुटलं, आणि काकूंनी पुढच्या माणसाला हे आधीच सांगायचं ठरवलं, मला ते फार आवडलं.

हा १३५ काय प्रकार आहे तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. साठच्या दशकापासून ओमेगाच्या झाकणाच्या आत जो नंबर असतो त्याचे पहिले तीन आकडे घड्याळाची जात सांगतात. १३५ म्हणजे हाताने चावी द्यायचं, तारीख नाही. १३६ म्हणजे चावीचंच, तारखेसह. १६५ ऑटोमॅटिक, १६६ ऑटोमॅटिक तारखेसह. १६७ आणि १६८ म्हणजे क्रोनोमीटर, अचूकतेच्या परीक्षेत पास झालेली घड्याळं, यात ओमेगाची कॉन्स्टेलेशन मॉडेलं येतात. डायल काय म्हणतेय, झाकण काय म्हणतंय आणि मशीन काय म्हणतंय, तिघांची साक्ष एक निघाली पाहिजे. मशीनवरही नंबर असतो: ५५१, ५६१, ५६४ ही क्रोनोमीटर दर्जाची मशीनं, आणि दिसायला अगदी तशीच असलेली ५५२, ५६२, ५६५ साधी. कॉन्स्टेलेशनच्या डायलखाली ५६५ सापडलं तर कोणीतरी सीमास्टरला बढती दिलीय. स्पीडमास्टरमध्ये १९६८ पर्यंत ३२१ मशीन, त्यानंतर ८६१, आणि ३२१ चे पैसे कितीतरी जास्त, म्हणून तिथेही अदलाबदल होते.

मशीनवर सात-आठ आकडी सीरियल नंबरही असतो, त्यावरून वर्षाचा अंदाज येतो. दोन कोटी चाळीस लाखाच्या आसपासचा नंबर म्हणजे साधारण १९६६ च्या मागेपुढे. केस साठच्या दशकातली आणि मशीनचा नंबर पंचेचाळीस सालचा, असं असेल तर जोडाजोड आहे. पेटेक फिलिप, लॉन्जिन्स यांच्याकडे जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि नंबर देऊन माहिती मागवता येते. पण नोंद सांगते की या नंबरचं घड्याळ अमुक साली असं असं बनलं होतं, तुमच्या हातातलं अजून तसंच आहे हे नोंद सांगू शकत नाही.

झाकण उघडलंच आहे तर आतल्या बाजूला, कडेने, सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं शोधा. पूर्वीचे घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की स्वतःची खूण आणि कधीकधी तारीख कोरून ठेवायचे. अशा चार-पाच खुणा दिसल्या की मला बरं वाटतं, घड्याळ वापरलं गेलंय, सांभाळलं गेलंय. कित्येक लोक याला खराबी समजतात आणि घासून काढतात, काय म्हणावं.

ओमेगाच्या प्लॅस्टिक काचेच्या आतल्या बाजूला अगदी मधोमध केसाएवढं ओमेगाचं चिन्ह कोरलेलं असतं, तिरप्या उजेडात भिंगाने दिसतं. ते असलं तर काच कंपनीची, नसलं तर बाहेरची, पण काचेपायी सौदा मोडू नका, काच ही बदलायचीच वस्तू आहे.

रोलेक्सबद्दल आपल्याकडे गैरसमज जास्त. "सेकंद काटा सरकत जातो, टिकटिक करत नाही, म्हणजे खरं" हे बिनकामाचं आहे, कुठलंही चावीचं घड्याळ, अगदी एचएमटी जनतासुद्धा, सेकंदाला पाच-सहा ठोके देतं आणि काटा सरकतच जातो. आणि रोलेक्सने स्वतः १९७७ पासून ऑयस्टरक्वार्ट्झ बनवलं, ते टिकटिक करतं आणि शंभर टक्के खरं आहे. वजन जड म्हणजे खरं, हेही तसंच, जुनी रोलेक्स उलट पट्ट्याने हलकी असतात. मागे पारदर्शक काच असलेलं जुनं रोलेक्स कोणी दाखवलं तर मात्र नमस्कार करून निघा.

बघायचं काय तर पट्टा काढायला लावा. जिथे पट्टा अडकतो त्या दोन कानांच्या मध्ये, बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सीरियल नंबर कोरलेला असतो. खऱ्यात कोरीव रेघा खोल, स्वच्छ, आत उजेड पडला की हिऱ्याने कापल्यासारख्या चमकतात. नकलीत त्या ॲसिडने खाल्ल्यासारख्या खरखरीत, ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. पट्ट्याने घासून नंबर पुसट झालेला असतो ते चालेल, पण कोणीतरी मुद्दाम घासलेला वाटला तर सोडा, चोरीचा माल असू शकतो. मग मॉडेल नंबर आणि मशीनचा मेळ बघा. डेटजस्ट १६०१ घ्या, आपल्याकडे आखातातून बरीच आली. त्यात १५०० मालिकेतलं मशीन पाहिजे आणि तारीख पुढे न्यायला काटे रात्रीच्या बाराभोवती फिरवावे लागतात. चावीचं बटण अर्धं ओढून तारीख टकाटक बदलायची सोय १९७७ मध्ये ३०३५ मशीनबरोबर आली. १६०१ म्हणून विकतायत आणि तारीख झटपट बदलतेय, तर काहीतरी गडबड आहे, ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि हत्यार काही लागत नाही. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं, बाहेरच्या काचेचं तेवढं दाखवत नाही.

आखातावरून आठवलं. ओमानच्या सुलतानांतर्फे भेट दिलेल्या काही घड्याळांच्या डायलवर लाल खंजिराचं चिन्ह असतं आणि त्यांना जबरदस्त भाव आहे. त्यामुळे साध्या डायलवर खंजीर छापायचा धंदा निघाला. "आमचे चाचा मस्कतला राजवाड्यात ड्रायव्हर होते" ही गोष्ट खरी असू शकते, रत्नागिरी-राजापूरकडच्या कितीतरी घरांत खरीच आहे, पण गोष्ट ऐकून चहा प्यावा आणि डायल तरीही भिंगातून बघावी.

केसबद्दल थोडक्यात. पॉलिश हा जुन्या घड्याळाचा शत्रू. कारखान्यातून निघालेल्या केसच्या कानांना धार असते, एक बाजू चकचकीत आणि वरची बाजू बारीक रेघांची, आणि दोन्हींच्या मधली कड स्पष्ट. दुकानदार बफिंग मशीनवर धरतो आणि ती कड साबणाच्या वडीसारखी गोल होते, झाकणावरचा सीमास्टरचा समुद्री घोडा सपाट होतो. ओरखडे असलेली धारदार केस घ्या, चकचकीत गोल केस नको. सोन्याचं म्हणत असतील तर ७५० चा शिक्का आणि स्विस १८ कॅरेटवर १९९५ च्या आधी हेल्वेशिया म्हणजे बाईच्या डोक्याची मोहर, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. आणि '२० मायक्रॉन' असं लिहिलेलं दिसलं तर तो मुलामा आहे, आतून पितळ किंवा स्टील, आणि कोकणी घामाने तो पहिल्यांदा कानांच्या मागच्या बाजूला जातो, तिथे हिरवट झालंय का बघा. स्टीलच्या केसला झाकणाखाली, वॉशर बसतो त्या खाचेत खारे खड्डे पडतात, वरून काहीच दिसत नाही.

पुरातलं घड्याळ हा आणखी एक धोका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी दुकानांत, घरांत कुठवर चढलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात किती घड्याळं बुडाली असतील. नंतर ती धुऊन, तेल घालून, चालू करून विकली जातात. चालतात, काही महिने. स्क्रूच्या खाचांत आणि चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली लालसर गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर भाव कितीही पडलेला असो, नको.

फोटोवरून घेत असाल तर विकणाऱ्याकडे हे मागा: डायल समोरून आणि तिरप्या उजेडात, उघड्या झाकणाची आतली बाजू, मशीनचा नंबर वाचता येईल असा फोटो, पट्टा काढून दोन्ही कानांच्या मधले फोटो, आणि शक्य तर चालू मशीनचा छोटा व्हिडिओ. मग त्याच मॉडेलचे मोठ्या लिलावांच्या कॅटलॉगमधले फोटो शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत बसा, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा मार्ग नाही. काच, वॉशर, चावीचं बटण, स्प्रिंग, पट्टा हे बदललेलं असेल तर हरकत नाही, बटण कंपनीचं असलं तर बरं. काटे बदललेले असतील तर भाव पाडून घ्या. डायल, केस आणि मशीन या तिघांत जोडाजोड असेल तर मी तरी हात लावत नाही, फारच आवडलं तर नुसत्या पार्टांच्या किमतीत.

घेतल्यावर लगेच सर्व्हिसिंगला देणार असाल तर घड्याळजींना आधीच स्पष्ट सांगा, काका, पॉलिश करायचं नाही, डायल पुसायचीसुद्धा नाही, काट्यांचा ल्यूम आहे तसा ठेवायचा, आणि जो पार्ट बदलाल तो जुना मला परत द्यायचा. सवयीने ते केस चकचकीत करून देतात, प्रेमापोटी, म्हणून पावतीवरच लिहून घेतलेलं बरं. परत मिळालेले पार्ट बारीक पिशवीत घालून घड्याळाबरोबरच ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला ते दाखवावे लागतात. आणि पावसाळ्यात घड्याळ लाकडी कपाटात नको, हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, ती पुडी दर महिना-दोन महिन्यांनी बदला.